हिमनदी शिकायची असेल तर आधी सातूचं शेत बघा

सातारा जिल्ह्यात भूगोल शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलं आहे : "जलसंपत्ती, पाणथळ जागा आणि हिमनद्यांची भूरूपं हे तीन धडे मी दहा वर्षं शिकवते आहे. हिमगव्हर, हिमोढ, मेषशिला, लोंबती दरी, सगळ्या व्याख्या पाठ आहेत, पण हिमनदी डोळ्यांनी पाहिलेली नाही. येत्या जुलैत बारा दिवस लडाखला जाते आहे. काय बघू, कसं बघू, आणि परत आल्यावर मुलांना काय सांगू?"

माझं आयुष्य भूजलाच्या कामात गेलं आणि त्यातले बरेच उन्हाळे मी विद्यार्थ्यांना घेऊन लडाख आणि लाहौलमध्ये काढले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे हे तीन धडे मनात वेगळे ठेवू नका. लडाखमध्ये ते एकाच पाण्याचे तीन मुक्काम आहेत. आणि सुरुवात हिमनदीपासून करू नका. लेहला उतरलात की तसेही दोन दिवस शांत राहायचं आहे, कारण ३,५०० मीटर उंचीवर शरीराला सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. तिसऱ्या दिवशी थेट बर्फाकडे धावण्यापेक्षा फ्यांगसारख्या जवळच्या गावात जा आणि सातूच्या शेताच्या बांधावर तासभर बसा.

लेहला वर्षभरात साधारण १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. तुमच्या महाबळेश्वरला जुलैतल्या एका दिवसात तेवढा पडून जातो. म्हणजे समोरचं हिरवं शेत पावसावर उभं नाही. वरच्या बर्फाचं पाणी टोकपोतून, म्हणजे ओढ्यातून, खाली येतं, मुख्य पाटात शिरतं आणि तिथून लहान पाटांनी शेताशेतात जातं. रात्रीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून गावाच्या वर एक तळं असतं, त्याला झिंग म्हणतात. कोणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं हे ठरवणारा माणूस म्हणजे छुरपोन. धुळे-नाशिककडच्या फड या सामूहिक सिंचन पद्धतीतला पाटकरी तुम्हाला ठाऊक असेल, तर छुरपोनची ओळख करून द्यायची गरजच नाही. बंधारा पांझरेवर असो की टोकपोवर, पाणी वाटायचं म्हटलं की गावाला असा एक माणूस नेमावाच लागतो.

त्या शेतकऱ्याला विचारा, पाणी कमी कधी पडतं? उत्तर बहुतेक एकच येईल : पेरणीला. पेरणी एप्रिल-मेमध्ये व्हायला हवी, कारण पीक पिकायला दिवस मोजकेच मिळतात. पण ५,००० मीटरच्या वरचा बर्फ जोरात वितळू लागतो तो जूनपासून. जुलै-ऑगस्टमध्ये ओढा भरून वाहतो, त्यातलं कितीतरी पाणी सिंधूला जाऊन मिळतं. हिवाळ्यातही ओढ्यात झऱ्यांचं थोडं पाणी चालू असतं, तेव्हा शेतात काहीच नसतं. पाणी आहे, पण हवं तेव्हा नाही. तुमच्या तिन्ही धड्यांचा गाभा मला या एका वाक्यात दिसतो. आपण वर्गात विचारतो, "पाणी किती?" लडाखमध्ये बारा दिवस प्रत्येक ठिकाणी विचारा, "पाणी केव्हा?"

याच प्रश्नावर छेवांग नोर्फेल या लडाखी अभियंत्यांनी उत्तर काढलं. हिवाळ्यात उघड्या राहिलेल्या नळाचं पाणी सावलीत साठून गोठलेलं त्यांनी पाहिलं आणि तेच मोठ्या प्रमाणावर करायचं ठरवलं. हिवाळ्यातलं ओढ्याचं पाणी सावलीच्या उतारावर वळवायचं, दगडी बांधांनी त्याचा वेग मारायचा आणि थरावर थर गोठू द्यायचं. ही जागा खऱ्या हिमनदीपेक्षा खूप खाली, गावाच्या जवळ असते, त्यामुळे तिथला बर्फ आधी, नेमका पेरणीच्या वेळी सुटतो. त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात बर्फाचा स्तूप करून पाहिला. वरून नळाने आणलेलं पाणी उंचीच्या दाबावरच कारंज्यासारखं उडतं आणि गोठणाऱ्या हवेत शंकूसारखं साचत जातं. शंकूचा आकार हौसेने निवडलेला नाही. तेवढंच पाणी जमिनीवर पसरलं तर ऊन खाणारा पृष्ठभाग कितीतरी मोठा होतो, उभं रचलं तर कमी. म्हणून सावलीची जागा नसली तरी तो टिकतो. पहिला लहान स्तूप मेच्या मध्यापर्यंत टिकला होता.

जुलैत तुम्हाला तिथे बर्फ दिसेल अशी आशा ठेवू नका. नळ, सांगाडे, दगडी बांध दिसतील, ते बघा. आणि मुलांना सांगताना "कृत्रिम हिमनदी" या नावापाशी जरा थांबा. ती हिमनदी नाही. ती वाहत नाही, वर्षानुवर्षं साठत नाही. तो एका हिवाळ्यापुरता केलेला पाण्याचा साठा आहे. त्याने नवं पाणी तयार होत नाही, जानेवारीचं पाणी एप्रिलपर्यंत थांबवून ठेवलं जातं. वरची हिमनदीच संपली, झरे आटले, तर स्तूप करायला पाणी कुठून आणणार? हे काम मोठं आहे म्हणूनच त्याची मर्यादाही मुलांना कळली पाहिजे.

आता हिमनदीकडे वळू. माझा सल्ला, एकच हिमनदी निवडा आणि तिचं पाणी शक्य तेवढं खाली येईपर्यंत सोडू नका. त्यासाठी द्रांग-द्रुंगसारखी दुसरी जागा मला माहीत नाही. कारगिलहून सुरू नदीच्या काठाने रस्ता वर चढतो, वाटेत पर्काचिक हिमनदी दिसते, मग रंगदुमचं रुंद सपाट खोरं लागतं, आणि पेन्सी-ला ही साधारण ४,४०० मीटरची खिंड ओलांडताना द्रांग-द्रुंग समोर उलगडते. वीस किलोमीटरहून लांब, सापासारखी वळण घेत उतरलेली. गाडीतून उतरून फोटो काढायला पाच मिनिटं लागतात. तुम्ही दोन तास ठेवा.

त्या दोन तासांत पुढच्या गोष्टी शोधा. वरचा भाग पांढराशुभ्र आणि खालचा मळकट का? वर दर हिवाळ्यात पडलेला बर्फ उन्हाळ्यात पूर्ण संपत नाही. तो दबत जातो, त्यातली हवा निघून जाते आणि काही वर्षांनी त्याचा घट्ट, निळसर बर्फ होतो. खाली मात्र जितकं येतं त्याहून जास्त वितळतं. या दोहोंच्या मधली रेषा ऑगस्टच्या अखेरीस सगळ्यात स्पष्ट दिसते, जुलैतही अंदाज येतो. ती रेषा वर सरकली की हिमनदीची मिळकत घटली आणि खर्च वाढला असं समजायचं. मुलांना समजेल असं सांगायचं तर ही मुदत ठेव मोडून घरखर्च चालवणं आहे. काही वर्षं हातात पैसा जास्तच दिसतो. ओढ्यांना पाणी वाढलेलं पाहून "कुठे आटतंय?" असं म्हणणारे लोक याच काळात भेटतात. ठेव संपत आली की ओघ उतरतो आणि मग चढत नाही. हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांनी २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने बर्फ गमावला, असं काठमांडूच्या इसिमोड या संस्थेने २०२३ मध्ये मांडलं. काराकोरममधल्या काही हिमनद्या बराच काळ जागच्या जागी टिकून होत्या, हेही सांगा. सगळीकडे एकच चित्र आहे असं शिकवलं की मूल पुढे पहिला अपवाद पाहताच सगळ्यावरचा विश्वास गमावतं.

मग कडा बघा. आजच्या बर्फाच्या पातळीच्या वर, दरीच्या भिंतीवर एक फिकट, झाडोरा नसलेला पट्टा दिसतो का? पूर्वी बर्फ तिथवर होता. हिमनदीच्या तोंडाशी राखाडी पाण्याचं तळं दिसेल. बर्फ मागे हटतो तेव्हा त्याने ढकलून आणलेल्या दगडमातीचा ढीग, म्हणजे हिमोढ, पुढे राहतो, तो नैसर्गिक बांध होतो आणि मध्ये पाणी साठतं. हा बांध कोणी रोलर फिरवून दाबलेला नसतो. सिक्कीममध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण ल्होनाक तळ्याच्या कडेचा हिमोढ पाण्यात घसरला, लाट उठली, बांध फुटला आणि खाली चुंगथांगचं तीस्तेवरचं धरण वाहून गेलं.

इथे शब्दांबद्दल एक विनंती. आपल्या बातम्यांमध्ये हिमालयातले "हिमनग" वितळतात. हिमनग समुद्रात तरंगतो, डोंगरात असते ती हिमनदी. फेब्रुवारी २०२१ च्या चमोलीच्या आपत्तीला तेव्हा सर्रास "हिमनदी फुटली" म्हटलं गेलं. प्रत्यक्षात रोंती शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फ मिळून सुमारे २.७ कोटी घनमीटरचा कडाच निसटला होता. तळं फुटलेलं नव्हतं. तळ्याच्या धोक्यावर नजर ठेवता येते, तळं उपग्रहावरून दिसतं. कडा निसटण्याचा अंदाज बांधणं फार अवघड. चुकीचा शब्द वापरला की उपायही चुकीचा सुचतो.

हिमोढ ओळखण्यात नवखा माणूस हमखास फसतो, कारण लडाखमध्ये दगडांचे ढीग जिकडेतिकडे आहेत. ढिगाचा कापलेला भाग शोधा, रस्त्याच्या कडेला तो मिळतोच. नदीने आणलेले गोटे गोल असतात, साधारण एका मापाचे थर दिसतात आणि चपटे गोटे प्रवाहाच्या दिशेला कलते टेकलेले असतात. हिमनदी निवड करत नाही. घराएवढा दगड आणि पिठासारखी माती एकत्र, थर नाहीत, दगडांच्या कडा अर्धवट झिजलेल्या, काहींवर समांतर ओरखडे. तिसरा प्रकार म्हणजे नाल्याच्या तोंडाशी पंख्यासारखा पसरलेला उतार. पर्यटक त्यालाच हिमोढ समजतात. लडाखमधली कितीतरी वस्ती अशा पंख्यांवरच आहे, कारण पाणी आणि माती तिथेच मिळते. ५ ऑगस्ट २०१०च्या रात्री ढगफुटी झाली तेव्हा चिखल-दगडांचे लोट नाल्यांतून याच पंख्यांवर उतरले. दोनशेहून अधिक माणसं गेली, चोगलमसरला सर्वाधिक फटका बसला. भूरूप ओळखणं परीक्षेतल्या दोन गुणांपुरतं नाही, हे तिथे उभं राहिलं की आपोआप समजतं.

दरीच्या आकाराबद्दलही सावध राहा. हिमनदीने कोरलेल्या दरीचा पुस्तकातला यू आकार तिथे स्वच्छ दिसेलच असं नाही. दोन्ही कड्यांवरून घसरलेल्या दगडांनी तळ भरतो, कधी तो पुन्हा व्हीसारखा दिसतो. लोंबती दरी अधिक भरवशाची. मुख्य दरीच्या भिंतीत अर्ध्यावर उघडणारी दरी आणि तिच्यातून कोसळणारं पाणी दिसलं की लहान हिमनदीला मोठीइतकं खोल खणता आलं नव्हतं, एवढं मुलांना चित्र काढून दाखवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, मोजणी. सामान म्हणजे मोजपट्टी, घड्याळ, थर्मामीटर, दोन पारदर्शक बाटल्या, पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारं खिशातलं टीडीएस मीटर आणि वही. हिमनदीच्या पाण्याचा एखादा लहान, सुरक्षित ओढा निवडा. काठाने दहा मीटर मोजा, काटकी सोडा, किती सेकंदांत पोचते बघा. पाच वेळा करून सरासरी घ्या. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जोरात जातं, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणा. मग रुंदी, सरासरी खोली आणि वेग यांचा गुणाकार. तीन मीटर रुंद, ४० सेंटिमीटर खोल ओढ्यात काटकी सेकंदाला एक मीटर गेली, तर सेकंदाला साधारण एक घनमीटर पाणी झालं. म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर दहा सेकंदांत. कोयनेच्या विसर्गाच्या बातम्या ऐकणाऱ्या मुलांसाठी सांगायचं तर सुमारे ३५ क्युसेक.

हेच मोजमाप सकाळी सातला, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला करा. आकडे किती वेगळे येतात ते पाहून तुम्ही चकित व्हाल. आभाळ निरभ्र, पावसाचा थेंब नाही आणि ओढा मात्र रोज फुगतो, रोज उतरतो. आपल्याकडे पूर आभाळाकडे बघून कळतो, तिथे घड्याळाकडे बघून. हे मी मोजून शिकलो नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षी सकाळी पोटरीएवढ्या पाण्यातून विद्यार्थ्यांसह ओढा ओलांडला, दिवसभर हिमोढावर काम केलं, आणि परत येताना तोच ओढा मांडीच्या वर, गढूळ, आतून दगड गडगडल्याचा आवाज. आम्ही सगळी रात्र पलीकडच्या काठावर थंडीत बसून काढली आणि पहाटे पाच वाजता सहज ओलांडून आलो. त्या रात्रीच्या काळजीचं ओझं माझ्यावर अजून आहे. तुम्ही ओढा ओलांडायचाच झाला तर पहाटे ओलांडा आणि त्याच बाजूला परत येण्याची वेळ आधी ठरवा. बर्फावर तर वाटाड्याशिवाय पाऊल ठेवू नका. वरचा ताजा थर भेगा झाकून टाकतो.

बाटलीत त्या ओढ्याचं पाणी भरून रात्रभर ठेवा. तळाशी वाळू बसेल, पण वरचं पाणी सकाळीही दुधट राहील. तळाचा खडक बर्फाने दळून केलेलं ते पीठ आहे. दुसऱ्या बाटलीत झऱ्याचं पाणी भरा. ते काचेसारखं असेल, आणि मीटरवर त्यातले क्षार बहुधा जास्त येतील, कारण ते खडकात जास्त दिवस मुरलेलं असतं. पाण्याचं वय असं हातात धरून दाखवता येतं.

द्रांग-द्रुंगचं पाणी स्तोद नदीतून पदुमला येतं, तिथे लुंगनाक मिळते आणि झंस्कर होते. पदुमहून झंस्करच्या दरीतून निमूकडे उतरणारा रस्ता आता झाला आहे, तो निघण्याआधी चालू असल्याची चौकशी करा. निमूच्या संगमावर झंस्कर आणि सिंधू यांचे दोन रंग शेजारी वाहताना दिसतील. उन्हाळ्यात इथे झंस्करला सिंधूपेक्षा पाणी जास्त असतं, आणि हीच झंस्कर हिवाळ्यात गोठून लोकांची पायवाट होते.

पाणथळ जागा शेवटी ठेवा, कारण त्या ४,५०० मीटरच्या वर आहेत आणि तोवर तुमची उंचीची सवय पक्की होईल. त्सो मोरिरी २००२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, त्सो कर २०२० पासून. मुक्काम एकाच ठिकाणी करता येणार असेल तर मी त्सो करला कौल देईन. तिथे दोन तळी आहेत. स्तर्त्सापुक त्सोचं पाणी गोडं आणि ते वाहत खाली त्सो करमध्ये जातं. त्सो करचं पाणी अतिशय खारं, काठाला मिठाची पांढरी किनार. एकाचं पाणी दुसऱ्यात जातं, तरी चवीत एवढा फरक का? मुलांना उत्तर न सांगता हा प्रश्न द्या. स्तर्त्सापुकला बाहेर जायची वाट आहे, त्सो करला नाही. तिथून फक्त वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात. आपलं लोणार असंच बाहेर वाट नसलेलं, खारं, आणि त्यालाही रामसर दर्जा त्याच २०२० मध्ये मिळाला. एक बर्फाच्या मुलखात, दुसरं बेसाल्टमधल्या आघाती विवरात, पण खारेपणामागचा हिशोब एकच. खिशातलं मीटर त्सो करच्या पाण्यात हात टेकेल, म्हणून एक भाग तळ्याचं आणि नऊ भाग बाटलीबंद पाणी मिसळून मोजा आणि साधारण दहाने गुणा.

तळ्याच्या वर डोंगराच्या उतारावर आडव्या, पायऱ्यांसारख्या रेघा दिसतील. त्या जुन्या किनाऱ्यांच्या खुणा आहेत. एकेकाळी हे तळं कितीतरी मोठं, खोल होतं.

काठची ओली कुरणं मात्र पायाखाली घेऊ नका. दिसायला ती साधी हिरवळ, पण मुळांची ती जाड गादी उन्हाळ्याचं पाणी शोषते आणि पुढे हळूहळू सोडते. झिंग करते तेच काम. चांगपा या भटक्या पशुपालक लोकांच्या पश्मिना शेळ्या याच गवतावर जगतात. गाडीचं चाक एकदा त्यातून गेलं की चर पडतो, चरातून पाणी निघून जातं आणि दोन्ही बाजूंची गादी वाळते. इतक्या थंडीत ती जखम भरायला वर्षानुवर्षं लागतात. काळ्या मानेचा क्रौंच इथेच घरटं करतो. तो लांबून, दुर्बिणीतून बघा. डब्यातलं उरलेलं अन्न टाकू नका, कारण त्यावर वाढणारी भटकी कुत्री याच पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातात. लडाखवर प्रेम करणाऱ्या माणसांच्या हातून हे नुकसान होतं, म्हणून ते मला जास्त लागतं.

त्याच तळ्यांवर तुम्हाला पट्टकादंब आणि चक्रवाक पिल्लांसह दिसतील. हे दोन्ही पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे उतरतात. तेव्हा डिसेंबरमध्ये मुलांना घेऊन नांदूर मध्यमेश्वरला किंवा उजनीच्या काठावर जा. बंधाऱ्याच्या गाळावर बसलेला तो पक्षी दाखवून हिमालयापलीकडचा धडा शिकवता येतो, त्याला विमानाचं तिकीट लागत नाही.

हिमनदीच्या खुणांसाठीही महाराष्ट्राबाहेर जावंच लागतं असं नाही. सह्याद्रीत हिमनद्या नव्हत्या, पण चंद्रपूरजवळ इरई-पैनगंगेच्या भागात सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे तालचेर काळातले गोटे-मातीचे थर आहेत, आणि त्यांच्याखालच्या चुनखडकावर हिमनदीने काढलेले ओरखडे भूवैज्ञानिकांनी फार पूर्वी नोंदवले आहेत. त्यावरच्या थरांत चंद्रपूरचा कोळसा. पेन्सी-लाजवळ ओरखडे असलेला दगड पाहिलात, तर त्याचा फोटो चंद्रपूरच्या ओरखड्यांच्या फोटोशेजारी लावा आणि मुलांना विचारा, या दोन्हींत साम्य काय?

निघण्याआधी एक काम करा. काटकी आणि मोजपट्टी घेऊन शाळेजवळच्या ओढ्यावर जूनमध्ये एकदा सराव करा. परत आल्यावर तोच ओढा ऑक्टोबर, डिसेंबर आणि फेब्रुवारीत मोजा. फेब्रुवारीत त्यात जे पाणी असेल ते भेगाळलेल्या काळ्या पाषाणात मुरलेल्या पावसाचं. आपल्याकडे पाणी थांबवून ठेवायचं काम तो पाषाण करतो. लडाखची आणि साताऱ्याची मोजमापं एकाच तक्त्यात लिहा. ठिकाण, उंची, रुंदी, खोली, वेग, तापमान, क्षार, असे रकाने पुरेत, पण तारखेच्या शेजारी तास लिहायचा रकाना ठेवाच आणि तो एकदाही रिकामा सोडू नका.